वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि विमा: पुण्यातल्या नवख्यांसाठी

बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया करायची हे मनाशी पक्कं व्हायला माणसाला वर्षं लागतात. एकदा पक्कं झालं की मात्र सगळी घाई सुरू होते. डॉक्टरांनी तारीख दिलेली असते, ऑफिसात रजा टाकलेली असते, मुलांची आजीकडे सोय झालेली असते, आणि विम्याची चौकशी ढकलली जाते ती ॲडमिशनच्या आदल्या दिवसावर. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात विम्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. क्लेम नाकारल्याचं पत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. जास्त वाईट याचं वाटतं की त्यातल्या पुष्कळांचा क्लेम मंजूर होण्यासारखा होता, कागद वेळेत जमवले नव्हते एवढंच.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा: डॉक्टरांच्या हिशेबाने तुम्ही शस्त्रक्रियेला पात्र असणं आणि पॉलिसीच्या हिशेबाने पात्र असणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी मिळवायची, आणि तारीख ठरवायच्या आधी मिळवायची.

आधी ते एक कलम वाचा

आरोग्य विम्यातून काय काय वगळता येतं, त्याची भाषा विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. तुमच्या पॉलिसीचं पूर्ण पुस्तक उघडा. पाकिटातलं कार्ड किंवा दोन पानी सर्टिफिकेट नव्हे, ईमेलवर आलेली लांबलचक 'पॉलिसी वर्डिंग'ची पीडीएफ. त्यात 'एक्सक्लूजन्स'खाली 'ओबेसिटी / वेट कंट्रोल' असा मथळा सापडेल, सोबत 'एक्सक्ल ०६' असा कोड असेल.

मथळा वाचून कपाळाला हात लावू नका. पुष्कळ जण तिथेच थांबतात, कधी कधी एजंटही थांबतो आणि 'लठ्ठपणा वगळलाय' असं सांगून मोकळा होतो. पुढे वाचा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळला जातो तो खालच्या सगळ्या अटी पूर्ण होत नसतील तरच. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवी. ती मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवी. रुग्णाचं वय १८ किंवा जास्त हवं. आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त हवा, पण मग सोबत चार गंभीर आजारांपैकी एक तरी हवा आणि साध्या उपायांनी वजन कमी करण्याचे प्रयत्न फसलेले हवेत.

ते चार आजार कोणते, हे नीट बघा: लठ्ठपणामुळे झालेली कार्डिओमायोपॅथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार, आणि आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह.

बस्स, एवढेच. यात ब्लड प्रेशर नाही, गुडघेदुखी नाही, पीसीओडी नाही, थायरॉइड नाही, फॅटी लिव्हरही नाही. खिडकीवर येणाऱ्या ताई-मावश्या बहुतेक वेळा नेमक्या याच तक्रारी सांगतात, आणि त्या तक्रारी खऱ्याच असतात. जिना चढता येत नाही म्हणून देवळात जाणं बंद झालेलं असतं. पण बीएमआय ३७ आणि गुडघे गेलेत, एवढ्यावर हे कलम उघडत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: 'या चारांपैकी काही मला आहे का, हे तपासून झालंय का?' स्लीप ॲप्निया तर पुष्कळांना असतो आणि त्यांना ठाऊकही नसतो. घोरणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, दिवसा गाडी चालवताना पेंग येणं, अशी लक्षणं असतील तर स्लीप स्टडी करून घ्या. विम्याचं सोडा, भूल देण्याच्या दृष्टीनेही ती तपासणी मोलाची आहे.

आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय बेरिॲट्रिक संघटनांनी मिळून सांगितलं की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांसाठी ही पातळी २७.५ धरावी. आपल्याकडे पोटाभोवती चरबी जास्त आणि मधुमेह लवकर, म्हणून हा फरक. त्यामुळे बीएमआय ३२ आणि मधुमेह असलेल्या रुग्णाला सर्जन शस्त्रक्रिया सांगतात तेव्हा ते चुकत नाहीत. पण विम्याचं कलम ४० आणि ३५ वरच आहे. या मधल्या पट्ट्यात तुम्ही असाल तर स्वतःच्या खर्चाची तयारी ठेवून पुढे जा, खर्चाबद्दल पुढे लिहिलंच आहे.

उंची एकदा नीट मोजून घ्या

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ११२ किलो वजन आणि १.६२ मीटर उंची असेल तर बीएमआय ४२.७ येतो, तिथे वादाला जागा नाही. गोची होते ती काठावर. समजा वजन ९८ किलो आणि मधुमेह आटोक्याबाहेर. उंची १६७ सेंटीमीटर असेल तर बीएमआय ३५.१, म्हणजे कलमात बसलात. तीच उंची कुणी १६८ लिहिली तर ३४.७, म्हणजे बाहेर. एका सेंटीमीटरवर चार लाखांचा निकाल!

आणि उंची कशी लिहिली जाते ते मी रोज बघते. ओपीडीत सिस्टर विचारतात, 'काका, उंची किती?' काका कॉलेजात असताना मोजलेली सांगतात, 'पाच सहा.' ती फुटातून सेंटीमीटरमध्ये जाते, दुसऱ्या ओपीडीत चप्पल घालून मोजलेली वेगळीच येते, आणि फाइलमध्ये एकाच माणसाच्या तीन उंच्या होतात. विमा कंपनीचा डॉक्टर त्या तिन्ही बघतो आणि क्वेरी, म्हणजे लेखी शंका, पाठवतो. तेव्हा पहिल्याच भेटीत अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून उंची मोजून घ्या, वजन त्याच दिवशी, आणि दोन्ही आकडे तारखेसह डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या कागदावर येऊ द्या. पुढचे सगळे कागद त्याच उंचीचे हवेत.

आणखी एक. शस्त्रक्रियेआधी आठवडा-दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून कमी उष्मांकाचा आहार देतात, त्यात चार-पाच किलो सहज उतरतात. म्हणून हा आहार सुरू करण्याआधीचं वजन कागदावर असू द्या, आणि नंतर वजन का उतरलं तेही डॉक्टरांच्या पत्रात येऊ द्या. वजन वाढवून लिहा असं कुणालाही सांगू नका. ती फसवणूक आहे, आणि ती पकडली जाते.

तुमचं छत्र कोणतं, ते ओळखा

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांकडे बहुधा कंपनीचा ग्रुप विमा असतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण बहुतेक ठिकाणी मिळतं, वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबायचा काळ, नसतो. पण ग्रुप पॉलिसीच्या अटी तुमची कंपनी आणि विमा कंपनी बसून ठरवतात, त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या मित्राला मिळालं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही. एचआरला तोंडी विचारू नका. मेल टाका आणि तीन गोष्टी विचारा: बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया पॉलिसीत आहे का, त्यावर वेगळी मर्यादा आहे का, आणि नवरा-बायको किंवा आई-वडिलांना ती लागू आहे का. आई-वडिलांच्या क्लेमवर बऱ्याचदा को-पे असतो, म्हणजे ठरावीक टक्के तुम्ही भरायचे, तोही विचारून घ्या. सहा महिन्यांत नोकरी बदलायचा विचार असेल तर शस्त्रक्रिया आधी की राजीनामा आधी, हा हिशेब घरी बसून करा. कंपनीचं छत्र बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी मिटतं.

स्वतःची पॉलिसी असेल तर वेटिंग पिरियड बघा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी तो सहसा दोन किंवा तीन वर्षांचा असतो, आणि २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीही तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. 'आज पॉलिसी घेतो, दिवाळीनंतर ऑपरेशन करतो,' असं कुणी सांगत असेल तर ते होणार नाही. मध्येच विमा रक्कम वाढवली असेल तर वाढलेल्या भागाला वेटिंग पिरियड नव्याने लागतो, हेही पुष्कळांना क्लेमच्या वेळीच कळतं. जुनी कंपनी आवडत नसेल तर पॉलिसी पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे हलवा, बंद करून नवी घेऊ नका. पोर्ट केली तर भोगलेला वेटिंग पिरियड सोबत येतो. त्यासाठी नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करा.

नवी पॉलिसी घेणाऱ्यांनी एक पथ्य काटेकोर पाळावं. प्रपोजल फॉर्ममध्ये उंची आणि वजन विचारतात. तिथे खरं वजन लिहा, फॉर्म एजंट भरत असेल तर सही करण्याआधी स्वतः वाचा. एकशे पाच किलोच्या माणसाचं वजन पंच्याहत्तर लिहिलेलं मी पाहिलंय. हप्ता कमी बसावा म्हणून केलेली ही 'मदत' क्लेमच्या दिवशी अंगाशी येते. खरं लिहिल्यावर कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. तरी खोट्या पायावर तीन वर्षं हप्ते भरण्यापेक्षा ते परवडलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा दिलासा आहेच.

खडकी, देहूरोड, पाषाण भागातल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना लागू असते, माजी सैनिकांना तशीच ईसीएचएस. तिथे आधी रेफरल आणि लेखी परवानगी, मग ॲडमिशन. क्रम उलटा झाला की पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

फाइल अशी बांधा की कलमाच्या प्रत्येक ओळीचं उत्तर तिच्यात सापडेल

या कामाला निदान दोन महिने द्या. सर्जनच्या पत्रापासून सुरुवात करा. 'पेशंटला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा सल्ला दिला आहे' एवढ्या एका ओळीचं पत्र पुरत नाही. पत्रात उंची, वजन, बीएमआय, सोबतचा आजार आणि त्याचा पुरावा, आजवर काय काय करून पाहिलं आणि ते का फसलं, कोणती शस्त्रक्रिया आणि तीच का, हे सगळं हवं. चांगले सर्जन असं पत्र देतात. गडबडीत राहून गेलं तर अदबीने मागा, तो तुमचा हक्क आहे.

आजाराचा पुरावा म्हणजे आकडे. मधुमेहासाठी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एकच नको, मागच्या वर्षभरातले दोन-तीन, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्याची प्रिस्क्रिप्शन्स. औषधं चालू असूनही साखर वर आहे, हे त्यातून दिसलं पाहिजे. स्लीप ॲप्नियासाठी स्लीप स्टडीचा अहवाल, त्यात एएचआय हा आकडा असतो, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो. तो ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ॲप्निया तीव्र धरतात. हृदयासाठी टू-डी एको किंवा अँजिओग्राफी आणि कार्डिओलॉजिस्टचं मत.

आणि सगळ्यात दुबळी बाजू म्हणजे 'साध्या उपायांनी प्रयत्न फसले' ही ओळ. आपण सगळं केलेलं असतं. पहाटे पर्वतीला जाऊन झालेलं असतं, भात सोडून झालेला असतो, जिमचे पैसे भरून झालेले असतात. कागद मात्र एकही नसतो. घरातले ड्रॉवर शोधा: आहारतज्ज्ञांच्या फीच्या पावत्या, त्यांनी लिहून दिलेले तक्ते, जिमच्या पावत्या, जुन्या हेल्थ चेकअपमधली वजनं, फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शनं घेतली असतील तर त्यांची प्रिस्क्रिप्शन्स आणि बिलंही. ही इंजेक्शनं घरी घ्यायची असल्याने हॉस्पिटलायझेशनच्या पॉलिसीतून त्यांचे पैसे मिळत नाहीत, पण पुरावा म्हणून ती कामाची आहेत. काहीच सापडलं नाही तर आजपासून सुरू करा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने आहार आणि व्यायाम, दर महिन्याला वजनाची नोंद. वेळ लागेल, पण शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जे पाळायचंय त्याचा सरावही होईल.

एस्टिमेट घ्या, आणि त्यातली बारीक अक्षरं विचारा

पुण्यातल्या खाजगी रुग्णालयांत स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा बायपासचा (जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याला जोडणं) खर्च साधारण अडीच ते पाच लाखांच्या घरात सांगतात. खोलीचा वर्ग, सर्जन, शस्त्रक्रियेचा प्रकार यावर तो हलतो. दोन ठिकाणची लेखी एस्टिमेट्स घ्या. फोनवर सांगितलेल्या 'पॅकेज'वर विसंबू नका.

बिलातला मोठा आकडा असतो स्टेपलरचा. जठर कापताना आणि शिवताना जी स्टेपलर गन वापरतात तिच्या काडतुसांना रीलोड म्हणतात, एका स्लीव्हला साधारण चार ते सहा लागतात, आणि एकेकाची किंमत हजारांत असते. एस्टिमेटमध्ये किती धरलीत, जास्त लागली तर पैसे कोण भरणार, हे विचारा. डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट्समधली रीलोडची संख्या आणि बिलातली संख्या जुळते ना, आणि पाकिटावरचे स्टिकर फाइलला लावलेत ना, हे घरच्या कुणीतरी डोळ्यांनी बघा. यातली तफावत हे क्लेम अडकण्याचं मी वारंवार पाहिलेलं कारण आहे.

दुसरा खड्डा खोलीचा. समजा पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतची खोली मान्य आहे आणि तुम्ही १०,००० ची घेतली. तीन दिवसांचे वरचे १५,००० भरू, असं घरचे म्हणतात. पण सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं हे सगळं बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात कापलं जातं. हे खर्च मिळून दोन लाख असतील तर एक लाख तुमच्या अंगावर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावता येत नाही, तरीही एवढा फटका पुरेसा आहे. खोली पॉलिसीत बसणारीच घ्या. दोन-तीन रात्रींचा प्रश्न असतो.

रोबोटने शस्त्रक्रिया करायची असेल तर पॉलिसीत रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा आहे का ते बघा, पुष्कळ ठिकाणी असते. ग्लोव्हज, गाऊन असल्या वस्तूंचे पैसे बहुधा तुम्हालाच भरावे लागतात. पोटात बसवायचा फुगा ही एंडोस्कोपीने होणारी प्रक्रिया आहे, तिला बहुतेक कंपन्या नाहीच म्हणतात. आणि गुंतागुंत झाली तर? शिवणीतून गळती, रक्तस्राव, आयसीयूत जावं लागणं, असं फार थोड्यांना होतं, पण झालं तर खर्च कुठवर जाऊ शकतो हे सर्जनला स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरी विचारा.

कॅशलेसचा अर्ज

ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे, तेव्हा प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, अर्ज ॲडमिशनच्या आठ-दहा दिवस आधी जाऊ द्या. रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसेल तरी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'खाली निदान ४८ तास आधी कंपनीला कळवून कॅशलेस मागता येतं, रुग्णालयाची तयारी हवी.

२९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकारलं, तर तो भार कंपनीचा. प्रत्यक्षात मध्ये क्वेरी येते आणि घड्याळ लांबतं. क्वेरी आली म्हणजे नकार आला असं समजून रडकुंडीला येऊ नका. क्वेरीची प्रत मागा, तिच्यातला प्रत्येक प्रश्न वाचा आणि प्रत्येकाला कागदाने उत्तर द्या. वर सांगितलेली फाइल तयार असेल तर हे तासाभराचं काम आहे.

दोन पॉलिसी असतील, एक कंपनीची आणि एक घरची, तर पहिलीतून जेवढे मिळतील ते घेऊन उरलेल्या रकमेसाठी दुसरीकडे जाता येतं. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती रुग्णालयातून निघतानाच मागून घ्या.

नकार आला तर

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही. स्वतः पैसे भरून नंतर रिएम्बर्समेंट मागता येतं. पण नकाराचं कारण 'कलमात बसत नाही' असं असेल तर तेच कारण पुन्हा उभं राहील, तेव्हा आधी त्याचा निकाल लावा आणि मग पैसे भरा. ही शस्त्रक्रिया बहुधा महिनाभर पुढे गेली तरी चालते, डॉक्टरांना विचारून तारीख हलवा.

नकार लेखी घ्या, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम असलं पाहिजे. मग सर्जनचं सविस्तर पत्र आणि नवे अहवाल जोडून फेरविचाराचा अर्ज करा. तो कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. सोबतच आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुणेकरांचं भाग्य असं की लोकपालांचं कार्यालय गावातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. आपली बाजू आपणच मांडायची. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू नसावं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. साध्या मराठीत, तारखांच्या क्रमाने, दोन पानांत लिहिलेला अर्ज पुरतो. राग अर्जात ओतू नका. कलमाची ओळ आणि तिच्यासमोर तुमचा कागद, एवढंच मांडा.

विमा नसेल किंवा पुरत नसेल

पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ एए कलमाखालच्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, आणि ॲडमिशनच्या आधी भेटा. बिल झाल्यावर सवलत मागणं फार जड जातं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काय, हा प्रश्न तिथल्याच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, तुमच्या शस्त्रक्रियेचं नाव सांगून विचारा.

नोकरदारांना आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, ती कर्जापेक्षा बरी. कर्ज घ्यायचंच तर 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे काय ते नीट बघा: प्रोसेसिंग फी किती, आणि एकरकमी भरले तर रुग्णालय किती सवलत देतं. ती सवलत गेली म्हणजे तेच तुमचं व्याज. आणि घरातली रोकड पिशवीत घालून आणू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे, रुग्णालय ती घेणार नाही.

करसवलतीबद्दल गैरसमज फार आहे. ८०डी कलमाखाली जुन्या करपद्धतीत विम्याच्या हप्त्यावर २५,००० पर्यंत, ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. साठीच्या आतल्या माणसाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चावर मिळत नाही.

घरी आल्यानंतर

पॉलिसीत ॲडमिशनच्या आधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस सहसा धरलेले असतात. या काळातल्या रक्ततपासण्या, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सल्ल्याची फी, औषधं यांची बिलं प्रिस्क्रिप्शनसह ठेवा आणि मुदतीत वेगळा क्लेम टाका. निम्मी माणसं तो टाकतच नाहीत, आणि हजारो रुपये सोडून देतात. प्रोटीन पावडरला कंपन्या सहसा नकार देतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बिलं मात्र जोडून बघा. या गोळ्या पुढे वर्षानुवर्षं लागतात आणि दरवर्षी रक्ततपासणीही, तेव्हा महिन्याच्या खर्चात त्यांची जागा आताच करून ठेवा. पैशांअभावी गोळ्या सोडल्याने केस गळणं आणि रक्त कमी होणं मी ओळखीच्या रुग्णांत पाहिलंय, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया कॉस्मेटिक धरली जाते आणि तिचे पैसे बहुधा मिळत नाहीत. तिच्या भरवशावर बजेट करू नका.

पॉलिसीचं नूतनीकरण चुकवू नका. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, आणि त्या एका क्लेमपायी एकट्या तुमचा हप्ताही वाढवू शकत नाही. नवी पॉलिसी किंवा सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चासाठीचा जादा विमा) घ्याल तेव्हा फॉर्ममध्ये नवं, कमी झालेलं वजन लिहा, आणि त्याच्या खाली शस्त्रक्रिया झाल्याचं वर्षही लिहा. डिस्चार्ज समरीची एक प्रत त्यासाठी कायमची जपून ठेवा.